मोबाइलवरच्या युक्त्या आणि घरची कढई

आमच्या घरी रविवारचे तळण ठरलेले. इंदूरच्या पलासिया भागात राहणाऱ्याला कचोरी विकत आणायला फार चालावे लागत नाही, छप्पन दुकान जवळच आहे. पण पावसात घरची भजी ती घरचीच. तळण संपले की कढईत अर्धा लिटर तेल उरते. काळसर, तळाशी जळके पीठ बसलेले. ते फेकून देण्यास हात धजत नाही, आणि पुन्हा वापरावे तर मन खाते.

गेल्या पावसाळ्यात सुनेने मोबाइलवर एक युक्ती पाहिली. "आई, हे बघा, तेल पुन्हा नवे होते!" कृती सोपी होती. पाव वाटी पाण्यात चमचाभर कॉर्नफ्लोअर कालवायचे, ते कोमट तेलात ओतायचे आणि मंद आचेवर ढवळत राहायचे. पिठाचा गोळा होतो आणि जळके कण त्याला चिकटून येतात. आम्ही करून पाहिले. दहा-बारा मिनिटांत गोळा झाला, झाऱ्याने काढला, आणि तेल खरोखर निवळशंख दिसू लागले. मी सुनेचे कौतुक केले, हे कबूल करते.

नंतर विचार केला. पिठाने गाळ उचलला, ठीक. पण तेल पुन्हापुन्हा तापले की ते स्वतःच बदलते. हवा, उष्णता आणि पदार्थातले पाणी यांमुळे तेलाचे रेणू मोडतात व नवे, अपायकारक पदार्थ तयार होतात. ते तेलात विरघळलेले असतात. गाळणीने निघत नाहीत, तसे पिठानेही निघत नाहीत. आपल्या देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून यासाठी मर्यादा घातली आहे. अशा पदार्थांचे, ज्यांना टोटल पोलर कंपाउंड्स म्हणतात त्यांचे, प्रमाण २५ टक्क्यांहून जास्त झाले तर ते तेल वापरता येत नाही. हे मोजायला यंत्र लागते, डोळ्यांना ते कळत नाही. म्हणजे या युक्तीने तेल चांगले होत नाही, चांगले दिसते. माझ्या मते हे जास्त वाईट, कारण काळे तेल निदान सावध तरी करते.

यापेक्षा साधा मार्ग असा. लहान, खोलगट कढई घ्यावी म्हणजे तेल कमी लागते. उरलेले तेल गाळून भाजीच्या फोडणीला एक-दोन दिवसांत संपवावे, पुन्हा तळायला घेऊ नये. धूर येऊ लागला, फेस आला किंवा खवट वास आला तर मोह सोडावा. मोरीत मात्र ओतू नये. थंड झाल्यावर नळीत थिजते व पाणी तुंबते.

दुसऱ्या खेपेस अपघात झाला. घाई होती, तेल अजून कडक तापलेले होते, आणि सुनेने पिठाचे पाणी तसेच ओतले. पाण्याची वाफ होताना ते सुमारे १७०० पट फुगते. तेल उसळून तिच्या मनगटावर आले. मी ओरडले, "आधी बांगड्या काढ!" भाजलेली जागा सुजू लागली की बांगडी, अंगठी निघत नाही. मग हात नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली पूर्ण २० मिनिटे धरला. शेजारच्या काकू टूथपेस्ट घेऊन धावत आल्या. त्यांना प्रेमानेच थांबवले. टूथपेस्ट, हळद, तूप, बर्फ यांपैकी काहीही भाजलेल्या जागी लावू नये, फोडही फोडू नये. चेहरा भाजला, भाजलेली जागा तळहाताएवढी मोठी असली किंवा लहान मूल असले तर लगेच डॉक्टर गाठावा.

सगळ्याच युक्त्या अशा नसतात, भगिनींनो. जून २०२५ मध्ये हळदीच्या पेल्याची गंमत घरोघरी झाली. अंधारात मोबाइलचा दिवा लावून त्यावर पाण्याचा पेला ठेवायचा आणि चिमूटभर हळद सोडायची. नातीने आमच्याकडेही केले. पाणी सोन्यासारखे उजळले, कारण हळदीचे बारीक कण प्रकाश विखुरतात. यात धोका काही नाही. उलट दिवा बाजूला ठेवून तोच पेला उपयोगी पडतो. चमचाभर हळद पाण्यात टाकून न ढवळता ठेवावी. शुद्ध हळद तळाशी बसते व पाणी फिकट पिवळे राहते. पाणी गडद पिवळे झाले तर रंगाची भेसळ असल्याचा संशय घ्यावा. मात्र शिशाचे क्रोमेट हा विषारी पिवळा रंग पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे पेल्याने निर्वाळा दिला म्हणून निश्चिंत होऊ नये. आम्ही हळकुंडे आणून दळून घेतो.

भाज्या व फळे खाण्याच्या सोड्यात धुण्याची युक्तीही खूप फिरते. तिला आधार आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात २०१७ साली सफरचंदांवर प्रयोग झाला. एक लिटर पाण्यात १० ग्रॅम सोडा, म्हणजे साधारण दोन सपाट चहाचे चमचे, आणि १२ ते १५ मिनिटे भिजवणे. दोन औषधे तपासली होती. सालीवरचे एक ८० टक्के गेले, दुसरे सुमारे ९६ टक्के. राहिलेले सालीच्या आत मुरले होते, तिथे सोडा पोचला नाही. ही गोष्ट शेतकरी वाचकांनी ध्यानात घ्यावी. झाडात भिनणारे औषध घरची सून कितीही धुतली तरी काढू शकत नाही. फवारणी व तोडणी यांत किती दिवस सोडायचे ते डब्याच्या कागदावर छापलेले असते, आणि ते दिवस पाळणे फक्त शेतातच शक्य आहे.

काही जण सोड्यात व्हिनेगर घालतात. फेस छान येतो, पण सोडा आणि आंबटपणा एकमेकांना मारतात आणि उरते खारट पाणी. वेळ गेला, एवढेच नुकसान. ब्लीच आणि संडास धुण्याचे ॲसिड मोरीत एकत्र ओतण्याची युक्ती मात्र जीवघेणी आहे. त्यातून क्लोरीन वायू निघतो, जो २२ एप्रिल १९१५ रोजी ईप्रच्या रणांगणावर सैनिकांवर सोडला होता.

शेवटी लसणाविषयी. "सोललेला लसूण तेलात बुडवून ओट्यावर ठेवा, महिनाभर टिकतो," असे सुनेच्या मोबाइलने सांगितले आणि तिने बरणी भरलीही. तेलाखाली हवा नसते, लसणात आंबटपणा कमी असतो, आणि बोट्युलिझमच्या जंतूला नेमके हेच हवे असते. त्याच्या विषाला वास नाही, चव नाही. १९८५ साली कॅनडातील व्हँकुव्हर शहरात एका उपाहारगृहातील तेलातल्या लसणाने ३६ जण आजारी पडले. तो लसूण थंड न ठेवता बाहेर ठेवला होता. आपल्या लोणच्याला भरपूर मीठ व आंबट असते, म्हणून ते टिकते. नुसते तेल लसूण राखत नाही. आता आम्ही थोडाच लसूण सोलतो, कोरडा फ्रिजमध्ये ठेवतो आणि आठवड्याच्या आत संपवतो.

ती बरणी पंधरा दिवसांची झाली होती. सून म्हणाली, वास तर चांगला येतोय. मी चव घेऊ दिली नाही. झाकण घट्ट लावून, पिशवीत बांधून ती सकाळच्या कचऱ्याच्या गाडीत बरणीसकट दिली. बरणी चांगली होती, काचेची.