पंप भरतानाच सुरू होणारा धोका

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या उंचीला आली होती. त्यामुळे फवारा चेहऱ्याच्या पातळीवर उडत होता आणि रोजाने आलेले मजूर पंपामागून पंप मारत होते. शासनाने चौकशीसाठी विशेष तपास पथक नेमले, बाजारातल्या काही कीटकनाशकांवर निर्बंध आले. बांधावरचे काही समज मात्र अजूनही तसेच आहेत.

गैरसमज: धोका फवारताना असतो, पंप भरताना नाही.

वस्तुस्थिती उलटी आहे. लिटरला २ मिलि असे प्रमाण असेल, तर बाटलीतले कीटकनाशक फवारणीच्या द्रावणाच्या सुमारे ५०० पट तीव्र असते. सील दाताने तोडताना, टोपणाने माप घेताना, बादलीत हात घालून ढवळताना अंगाला लागते ते हेच. म्हणून हातमोजे आणि चष्मा बाटली उघडण्याआधीच चढवायला हवेत. माप मोजपात्रानेच घ्यावे: लिटरला २ मिलि म्हणजे १६ लिटरच्या पंपाला ३२ मिलि, अंदाजाने दोन टोपणे नव्हे. कीटकनाशक आधी बादलीत पाणी घेऊन काठीने ढवळावे. पंपात निम्मे पाणी घ्यावे, मग हे द्रावण गाळणीतून ओतावे आणि शेवटी उरलेले पाणी घालावे. पंप काठोकाठ भरला किंवा झाकणाचा वायसर झिजलेला असला, की वाकताच द्रावण पाठीवर ओघळते.

द्राक्षबागांत ट्रॅक्टरच्या ब्लोअरची टाकी भरताना आणखी एक काळजी घ्यावी लागते. पाण्याच्या पाइपचे तोंड टाकीतल्या द्रावणात बुडू देऊ नये. मोटार मध्येच थांबली, तर तेच द्रावण पाइपातून उलटे ओढले जाऊन विहिरीत उतरू शकते.

गैरसमज: तोंडाला रुमाल बांधला की पुरे.

फवारणी करणाऱ्याच्या अंगात विष शिरण्याचा मोठा मार्ग त्वचा आहे. घामाने भिजलेला रुमाल तुषार शोषून घेतो आणि तेच विष तासन्‌तास गालाला चिकटवून ठेवतो. पूर्ण बाह्यांचे कपडे, रबरी हातमोजे, गमबूट, चष्मा, योग्य मास्क आणि पाठीवर प्लास्टिकचे आवरण हा संच लागतो. तो रोजाने येणाऱ्या मजुराने कुठून आणायचा? पंप आणि कीटकनाशक देणाऱ्या शेतमालकानेच तो द्यायला हवा. कपडे भिजले तर काम थांबवून साबणाने अंग धुवावे, संध्याकाळची वाट पाहू नये. नोझल तुंबले तर तोंडाने फुंकू नये. बारीक ब्रश आणि पाणी वापरावे.

गैरसमज: दोन-तीन कीटकनाशके एकत्र केली की अळी हमखास मरते.

बाजारातली काही उत्पादने मुळातच मिश्रणे असतात. प्रोफेनोफॉस आणि सायपरमेथ्रिन एकाच बाटलीत मिळतात. त्यात आणखी एक बाटली रिकामी केली, की विषारीपणा किती वाढेल याचा अंदाज शेतकऱ्याला येत नाही, आणि उपचार नेमके कशावर करायचे हा पेच डॉक्टरांपुढे उभा राहतो. लेबलवर किंवा कृषी विद्यापीठाच्या शिफारशीत नसलेले मिश्रण करूच नये.

गैरसमज: हिरवा त्रिकोण म्हणजे निर्धोक.

लेबलवरचे रंग विषारीपणाची उतरंड सांगतात: लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. हिरव्याचा विषारीपणा या चार रंगांत सर्वांत कमी, पण तेही कीटकनाशकच. हातमोजे त्यालाही लागतात.

गैरसमज: चक्कर उन्हाने येते, दूध प्यायले की उतरते.

डोळ्यांपुढे अंधुक दिसणे, बाहुली बारीक होणे, लाळ आणि घाम सुटणे, मळमळ, छाती आवळल्यासारखी वाटणे, स्नायू फडफडणे ही मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉससारख्या ऑर्गनोफॉस्फेट गटाच्या विषबाधेची लक्षणे आहेत. त्यावर ॲट्रोपिनची इंजेक्शने रुग्णालयातच द्यावी लागतात. डायफेन्थियुरॉनसारख्या काही कीटकनाशकांवर नेमका उतारा उपलब्ध नाही. तिथे लक्षणांनुसार आधार देणारे उपचारच करता येतात, म्हणून वेळेला फार महत्त्व आहे. दूध हा कशावरचाच उतारा नाही. मिठाचे पाणी पाजून उलटी करवणेही घातक ठरते, कारण अनेक बाटल्यांतले तेलकट द्रावक उलटीबरोबर फुप्फुसात जाऊ शकते.

लक्षणे दिसताच फवारणी थांबवावी, भिजलेले कपडे काढून अंग साबणाने धुवावे आणि १०८ ला फोन करावा. रुग्णासोबत कीटकनाशकाची बाटली किंवा तिचे लेबल न्यावे. मिश्रण वापरले असेल, तर त्यातली प्रत्येक बाटली डॉक्टरांना दाखवावी.