नकाशावर दुकान
'जवळची पिठाची गिरणी' असं शोधलं की गूगल तीन गोष्टी तोलतं: शोधाशी मेळ, अंतर आणि नावलौकिक. अंतर आपल्या हातात नाही. बाकीचं बरंचसं आहे. त्यासाठी दुकानाची गूगलवरची नोंद लागते: गूगल बिझनेस प्रोफाइल, म्हणजे २०२१पर्यंतचं गूगल माय बिझनेस. ते फुकट उघडता येतं. 'पहिला नंबर लावून देतो' म्हणत पैसे मागणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावावं. जाहिरात विकत मिळते, क्रमांक नाही. प्रोफाइलमध्ये प्रवर्ग नेमका हवा: नुसतं 'दुकान' नव्हे, 'पिठाची गिरणी'. नाव पाटीवर आहे तेच लिहावं. त्याला 'पुण्यातील सर्वोत्तम' असं शेपूट जोडणं नियमबाह्य आहे आणि त्यापायी प्रोफाइल निलंबितही होऊ शकतं. दुपारी १ ते ४ बंद असाल, तर बिनदिक्कत तसं नोंदवा. सवलतीच्या बदल्यात अभिप्राय घ्यायलाही मनाई आहे.