जुन्या गाडीचे फिरते घर

एखाद्या गॅरेजच्या मागे, बाभळीच्या झाडाखाली उभी असलेली जुनी मेटाडोर तुम्ही पाहिली असेल. चपटे तोंड, चौकोनी अंग आणि पत्र्यावर जागोजागी गंज. ही गाडी बजाज टेम्पो या कंपनीची. कंपनी १९५८ मध्ये स्थापन झाली आणि २००५ पासून तिचे नाव फोर्स मोटर्स आहे. मेटाडोर म्हणजे स्पॅनिश भाषेत बैलाशी झुंजणारा वीर. टेम्पो हे तर जर्मनीतल्या एका गाडीचे नाव होते. आपल्याकडे मात्र माल वाहणारी कोणतीही लहान गाडी म्हणजे टेम्पोच!

अशी जुनी गाडी कोणी भंगारात घालतो, तर कोणी तिचे फिरते घर करतो. आत झोपायला फळी, छोटी शेगडी, पाण्याची टाकी आणि एक पंखा. मग सारे कुटुंब वेरूळ, अजिंठा पाहत हिंडू शकते. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये अशा फिरत्या घरांच्या पर्यटनासाठी धोरणही जाहीर केले. पण जुनी गाडी घर होण्याआधी पुन्हा चांगली गाडी झाली पाहिजे. हे काम कसे करतात ते पाहू.

छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, येथे हे काम जाणणारे हात पुष्कळ आहेत. चिकलठाण्याला एस.टी. महामंडळाची मध्यवर्ती कार्यशाळा आहे. तेथे बसच्या सांगाड्यावर बॉडी बांधली जाते. शहरातल्या छोट्या गॅरेजांतही वेल्डर, डेंटर, पेंटर, वायरमन असे निरनिराळे कारागीर असतात. ‘दुरुस्ती’ हा शब्द तुम्हाला परका वाटणार नाही. तो तुमच्या ‘दुरुस्त’चाच भाऊ आहे. ‘मिस्त्री’ मात्र पोर्तुगिजांकडून आला आहे.

चांगला मिस्त्री रंगाकडे शेवटी पाहतो. आधी तो गाडीखाली शिरतो आणि सांगाडा तपासतो. मग दाराची खालची कड, चाकांवरची कमान आणि छताची पन्हळ येथे पेचकसाच्या मुठीने ठोकून पाहतो. पत्रा चांगला असेल तर खणखणीत आवाज येतो. आवाज बद्द आला, तर आत गंज आहे किंवा वर पुट्टीचा थर आहे असे समजावे. गंजावर पुट्टी लावणे म्हणजे फोडावर पावडर लावणे. गंजलेला तुकडा कापून नवा पत्रा जोडावा लागतो आणि त्यावर लगेच रेड ऑक्साइड लावावे लागते. वेल्डिंगपूर्वी बॅटरीची तार सोडतात. जवळ काम असेल तर डिझेलची टाकीही काढून दूर ठेवतात.

आता इंजिन. मराठवाड्यातल्या बोअरचे पाणी बहुधा क्षारयुक्त असते. ते रेडिएटरमध्ये घातले की नळ्यांत क्षारांचा थर साचतो, तसाच जसा तुमच्या घरच्या पाणी तापवण्याच्या भांड्यात साचतो. मग मे महिन्यात चढावर गाडी तापते. म्हणून रेडिएटर साफ करून त्यात कूलंट आणि शुद्ध पाणी घालावे. एक गोष्ट नीट लक्षात ठेवा: गरम रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. आतले पाणी दाबाखाली असते, म्हणून ते १०० अंशांवरही उकळत नाही. झाकण उघडताच दाब जातो, पाण्याची एकदम वाफ होते आणि तोंड, हात भाजतात.

इंजिन बंद पडले तर गाडी रस्त्यात थांबते. ब्रेक गेला तर मात्र ती थांबत नाही. कन्नडहून चाळीसगावकडे जाताना औट्रम घाट लागतो. घाट उतरताना कोणी सारखा ब्रेक दाबत राहिला, तर ब्रेक भयंकर तापतात. ब्रेकच्या नळ्यांत जे तेल असते, ते हवेतला ओलावा शोषून घेते. जुन्या तेलात असा ओलावा बराच जमलेला असतो. उष्णतेने त्याची वाफ होते आणि तेलात बुडबुडे तयार होतात. द्रव दाबला तर तो जवळजवळ आकसत नाही, म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत पोहोचतो. वाफ मात्र सहज दबते. मग पेडल थेट खाली जाते आणि चाक फिरतच राहते! यासाठी हे तेल साधारण दोन वर्षांनी बदलावे. जुने ड्रायव्हर सांगतात, की ज्या गिअरमध्ये घाट चढता, त्याच गिअरमध्ये तो उतरावा. यामुळे इंजिनच गाडीला आवरून धरते.

टायरचेही असेच. नक्षी शाबूत दिसते, पण रबर जुने होऊन तडकते. टायरच्या बाजूला चार अंक असतात. २३१९ असे असेल, तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला.

एवढे झाले, की आतल्या घराला हात घालावा. २०० लिटर पाण्याचे वजन २०० किलो होते. म्हणून टाकी खाली आणि दोन्ही बाजूंचे वजन सारखे राहील अशी ठेवावी. पंख्यासाठी वेगळी बॅटरी असावी आणि प्रत्येक तारेला बॅटरीजवळच फ्यूज असावा. बारा व्होल्टचा चोवीस वॅटचा पंखा दोन अँपिअर वीज घेतो. पंखा रात्रभर चालेल की नाही, हे तुम्हीच गणित करून काढू शकाल. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर तो वर जात नाही, जमिनीलगत साचतो. त्यामुळे सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी, बाहेर उघडणारे भोक हवेच.

गाडीचे रूप बदलायचे असेल, तर आधी आर.टी.ओ. कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते. तिचे नूतनीकरण करताना गाडी पुन्हा तपासली जाते. ही तपासणी कटकटीची वाटते खरी, पण ब्रेकची गोष्ट आठवली, की तिचे कारण कळते.

फिरते घर फिरले नाही, तरी बिघडते. पावसाळ्यात गाडी चार महिने उभी राहिली, तर बॅटरी उतरते, टायर एकाच जागी दबतात आणि उंदीर तारा कुरतडतात. म्हणून पंधरा दिवसांतून एकदा तरी तिला चार-पाच किलोमीटर फिरवून आणावे आणि परत आल्यावर जमिनीवर तेलाचा थेंब पडतो का, हे वाकून पाहावे.