हातांतील धातुशोधक आणि शेतांतील धातु

ओझरच्या परिसरांत कुकडीच्या पाण्यावर ऊंस, कांदा, टोमॅटो व द्राक्षें होऊं लागल्यापासून शेतांतील लोखंड फार वाढलें आहे. पूर्वीं नांगराचा फाळ आणि कुळवाची फास एवढ्याच लोखंडाचा जमिनीशीं संबंध येई. आतां मांडवाची तार, रोटाव्हेटरचीं तुटलेलीं पातीं, ट्रॉलीचे बोल्ट व खिळे ह्यांची त्यांत भर पडली आहे. हें लोखंड बैलाच्या खुरांत शिरतें, टायर फाडतें आणि वैरणींतून गुरांच्या पोटांत जातें. तें हुडकण्यास उपयोगी असें एक लहान यंत्र हल्लीं बाजारांत मिळतें. त्याचा उपयोग, त्याच्या मर्यादा आणि त्यापासून उद्भवणारी एक कायदेशीर जबाबदारी शेतकरी बंधूंपुढें मांडावी, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

ह्या यंत्रास पिनपॉइंटर म्हणतात. तें हातांत धरावयाच्या विजेरीएवढें असून त्याच्या टोंकांत तांब्याच्या तारेचें वेटोळें असतें. त्या वेटोळ्यांतून वेगानें बदलणारा वीजप्रवाह खेळविल्यानें भोंवतीं चुंबकीय क्षेत्र उत्पन्न होतें. जवळ धातु आला कीं त्याच्या अंगांत सूक्ष्म प्रवाह उठतात, त्यांचा परिणाम वेटोळ्यावर होतो, आणि यंत्र वाजूं व थरथरूं लागतें. लांब दांड्याचा मोठा शोधक शेतांत फिरवून अदमासानें जागा कळते. पिनपॉइंटर खड्ड्यांत व ढेकळांत नेमकी जागा दाखवितो. त्यामुळें हातभर खड्ड्याचें काम वीतभर खड्ड्यांत होतें आणि उभ्या पिकाचीं मुळें वांचतात.

परंतु नाण्याएवढी वस्तु ह्या यंत्रास दोन-तीन इंचांपलीकडे सहसा कळत नाहीं. लोखंड कोणतें व सोनें कोणतें, हेंहि बहुतेक यंत्रें सांगत नाहींत. सबब, पन्नास हातांखालील धन दाखवितों असें म्हणून कोणी तें विकूं लागल्यास त्यास दारांतूनच परत पाठवावें. आमची जमीन काळ्या कातळापासून झालेली असल्यामुळें तिच्यांत लोहमय कण असतात आणि यंत्र फुकट वाजतें. अशा वेळीं टोंक धातु नसलेल्या मातीस टेकवून यंत्र बंद करून पुन्हां सुरू करावें, म्हणजे पुष्कळ यंत्रें मातीशीं जुळतात. खुरपें व पहार दूर ठेवावीं.

लोखंड जवळ असल्यानें काय होतें, ह्याचें एक जुनें उदाहरण आहे. १८८१ सालीं अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड ह्यांच्या शरीरांतील गोळी शोधण्यासाठीं ग्रॅहम बेल ह्यांनीं असेंच यंत्र फिरविलें. गादींतील स्प्रिंगांनीं घोटाळा केला, आणि डॉक्टरांनीं उजवीच बाजू तपासूं दिली. गोळी मात्र डावीकडे होती. यंत्र कितीहि चांगलें असलें तरी तें चालविणाराचा विवेकच शेवटीं कामास येतो.

गुरांच्या बाबतींत ह्या यंत्राचा खरा उपयोग प्रतिबंधाचा आहे. गाय-म्हैस चारा नीट न चावतां गिळते. त्यांतील खिळा किंवा तारेचा तुकडा पोटाच्या जाळीदार कप्प्यांत अडकतो, पुढें पडदा भेदून हृदयापर्यंत पोंचतो, आणि जनावर दगावतें. पोटांतील तार ह्या लहान यंत्रास कळणार नाहीं. तें काम पशुवैद्याचें. परंतु मांडवाची तार कापली ती जागा, गव्हाण, गोठ्याची जमीन व कुट्टीचा ढीग हीं तपासून घेतल्यास मोठें नुकसान टळूं शकतें.

असें लोखंड हुडकतां हुडकतां कधीं जुनें धनहि हातीं लागतें. जुन्नर हें सातवाहनकालीन नगर. त्या काळचीं शिशाचीं व तांब्याचीं नाणीं मळकट गोळ्यांसारखीं दिसतात. नाशिक जिल्ह्यांत जोगळटेंभी येथें १९०६ सालीं चांदीचीं १३,२५० वर नाणीं सांपडलीं. तीं क्षत्रप नहपानाचीं होतीं, आणि त्यांपैकीं सुमारें ९,२७० नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला ठसा पुन्हां उमटविलेला आढळला. नहपानाची सत्ता सातवाहनांनीं मोडल्याचा हा ठळक पुरावा होय. त्याच नहपानाचा अमात्य अयम ह्याचा ४६ व्या वर्षाचा लेख आपल्या जुन्नरच्या मानमोडी लेण्यांत आहे. तीं नाणीं सोनाराच्या मुशींत गेलीं असतीं, तर चांदी तेवढी उरली असती. इतिहास बुडाला असता.

मुशीचा मोह होतो तो बहुधा भीतीपोटीं. अर्ज दिला कीं सर्व जप्त होतें, अशी समजूत आहे. महसूल खात्यांत लेखणी झिजविलेल्या ह्या लेखकास ती दूर करावीशी वाटते. १८७८ च्या गुप्तधनाच्या कायद्याप्रमाणें दहा रुपयांवरील किंमतीचें धन सांपडल्यास कलेक्टरास लेखी कळवावें लागतें. धन कसलें, किती, कोठें व कोणत्या तारखेस मिळालें, हें लिहावें. धन जवळच्या सरकारी तिजोरींत ठेवावें किंवा तारण द्यावें. जाहिरात व चौकशी होऊन धन बेवारस ठरलें आणि जागेवर दुसऱ्या कोणाचा हक्क नसला, तर तें शोधणारास मिळतें. मजुरास आपल्या शेतांत सांपडलें व उभयतांत करार नसला, तर तीन चतुर्थांश मजुराचे व एक चतुर्थांश मालकाचा. सरकारनें तें घेतल्यास धातूची किंमत व तिचा पांचवा हिस्सा अधिक मिळतो. उलट लपविल्यास शोधणाराचा हिस्सा सरकारजमा होतो आणि एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही शिक्षा होतात. लपविण्यास साह्य करणाऱ्या मालकासहि सहा महिन्यांपर्यंत कैद आहे.

शिवनेरी व लेण्यांसारख्या संरक्षित जागीं परवान्यावांचून उकरणें हा १९५८ च्या कायद्यानें गुन्हा आहे. तेथें यंत्र नेऊंच नये. आपल्या शेतांत जुनें नाणें लागल्यास तेथेंच हात थांबवावा, नाणें घासूं नये, जागेवर खूण करावी. चावडींत तोंडी सांगून भागत नाहीं. अर्जाच्या दोन प्रती करून एकीवर पोंचेची सही व तारीख घ्यावी, आणि तो कागद सातबाराच्या उताऱ्याबरोबर जपून ठेवावा.