सत्तावीस नंबरचा चहा

तैवानमधले जुने चहा-शेतकरी या झाडाला अजूनही 'सत्तावीस' म्हणतात. प्रयोगाच्या वाफ्यात असताना त्याचा क्रमांक होता २०२७. त्यातले शेवटचे दोन आकडे तोंडात बसले आणि तिथेच राहिले. सरकारी नोंदीत ते 'ताइचा क्रमांक १२' आहे, बाजारात 'जिन श्वेन', आणि तैवानबाहेरच्या दुकानांत 'मिल्क ऊलाँग'. दूध त्यात थेंबभरही नसतं, साखरही नसते. तरीही चांगल्या जिन श्वेनवर गरम पाणी ओतलं की झाकणाखाली सायीचा वास जमतो, आणि घोट गिळून झाल्यावर तोंडात गोडवा रेंगाळतो. दूध, साखर, आलं घालून खळखळ उकळलेला चहा पिऊन वाढलेल्या आपल्यासारख्यांना यावर विश्वास ठेवायला पहिला घोटच घ्यावा लागतो.

तैवानच्या वायव्येला, ताओयुआन भागात यांगमेई इथे सरकारी चहा संशोधन केंद्र आहे. त्याचं मूळ १९०३ सालच्या जपानी अमदानीतल्या एका प्रायोगिक मळ्यात. १९६८ मध्ये ठिकठिकाणची प्रयोगकेंद्रं एकत्र करून त्याला आजचं रूप आलं. त्याचे तेव्हाचे प्रमुख वू चेन-दुओ मूळचे चीनच्या फूच्येन प्रांतातले, म्हणजे ऊलाँगच्या, हिरव्या आणि काळ्या चहाच्या मधल्या या प्रकाराच्या, माहेरचेच. दुसऱ्या महायुद्धानंतर ते तैवानात आले आणि उरलेलं आयुष्य त्यांनी इथल्या चहाच्या झाडांना दिलं. १९८१ मध्ये केंद्राने ऊलाँगसाठीच्या दोन नव्या जाती जाहीर केल्या: क्रमांक १२ आणि क्रमांक १३. बाराव्या जातीला वूंनी आपल्या आजीचं नाव दिलं आणि तेराव्या जातीला, 'छ्वेइ यू'ला, आईचं, असं तैवानात सांगतात.

चहाची नवी जात करणं हे फार चिकाटीचं काम आहे. चहाचं फूल सहसा स्वतःच्या परागाने फळत नाही, त्यामुळे बीपासून उगवलेलं प्रत्येक रोप वेगळं निघतं. मग 'ताइनुंग ८' नावाच्या झाडावर 'इंग-जी-होंग-शिन' या जुन्या जातीचा पराग घालायचा, बिया रुजवायच्या, शेकडो रोपांतून बरी वाटणारी वेगळी काढायची, त्यांच्या फांद्यांची कलमं करायची, ती वेगवेगळ्या उंचीवर आणि मातीत लावायची. पानं हाताशी येईपर्यंत काही वर्षं जातात. त्यानंतर दर हंगामात चहा करून चाखायचा. क्रमांक बाराला या वाटेने शेतापर्यंत पोचायला काही दशकं लागली. एकदा झाड पसंत पडलं की पुढे मात्र सगळा प्रपंच कलमांचा असतो. आज डोंगरउतारावर उभं असलेलं जिन श्वेनचं प्रत्येक झुडूप त्या एकाच निवडलेल्या झाडाचा तुकडा आहे.

ही मेहनत नेमकी त्या काळात का फळली, यालाही कारण आहे. १८६९ मध्ये जॉन डॉड या व्यापाऱ्याने तैवानी ऊलाँग थेट न्यूयॉर्कला धाडला, तेव्हापासून शंभर वर्षं तैवानचा चहा मुख्यतः परदेशी जाण्यासाठीच पिकत होता. १९७०च्या दशकात मजुरी वाढली, निर्यात परवडेनाशी झाली. मग सरकारने आणि शेतकरी संघांनी मोहरा घरच्या चहाप्रेमींकडे वळवला. नानतोउ भागातल्या लूगू गावात १९७६ पासून चहाच्या स्पर्धा भरू लागल्या. खुद्द वू परीक्षक म्हणून असल्या स्पर्धांना जात. लोक आता घरी बसून छोट्या किटलीतला चहा सावकाश पिऊ लागले होते आणि त्यांना सुगंध हवा होता. क्रमांक १२ आला तो या गिऱ्हाइकासाठी. पुढच्याच वर्षी, १९८२ मध्ये, अलीशानच्या डोंगरात जाणारा महामार्ग खुला झाला आणि हजार मीटरच्या वर चहाचे मळे चढू लागले.

तैवानच्या उंच डोंगरांवरचा मानाचा चहा म्हणजे 'छिंगशिन ऊलाँग'. पण ते झाड नाजूक. रोग लवकर धरतं, उत्पन्न कमी देतं. जिन श्वेनचं पान जाड, रुंद, चकचकीत. ते भरभर फुटतं, रोगाला दाद देत नाही, सखल जमिनीवर यंत्राने खुडलं तरी चालतं. त्यामुळे शेतकऱ्याने ते आनंदाने लावलं, आणि त्यामुळेच दर्दी लोकांनी ते जरा खालच्या पायरीवर ठेवलं. उत्पन्न जास्त म्हणून भाव कमी, आणि भाव कमी म्हणून मान कमी. मला हा हिशेब पटत नाही. छिंगशिनची खोली वेगळी आहे हे खरं, त्याचे पदर जास्त आहेत. पण ज्याला ऊलाँगची पहिली ओळख करून द्यायची, त्याच्यासमोर मी जिन श्वेनच ठेवीन. कडवटपणाने तो कुणाला परत पाठवत नाही, आणि गरिबाघरचं म्हणून चांगलं झाड कमी सुगंध देत नसतं.

सायीचा तो वास मात्र आयता पानात नसतो. झाडावरचं पान हातात चुरगळलं तर हिरवाच वास येतो. वास येतो तो खुडल्यानंतरच्या एका दिवसात आणि एका रात्रीत.

डोंगरावर खुडणाऱ्या बायका, बहुतेक आता वयस्कर, तर्जनीला चिकटपट्टीने ब्लेड बांधून काम करतात. कोंब आणि त्याखालची दोन-तीन पानं देठासकट सुटतात. दुपारच्या उन्हात ती कापडावर पसरतात. ऊन कडक झालं तर वर जाळी ओढतात. पान मऊ पडलं, हिरवा उग्रपणा ओसरला की ते आत येतं, वेताच्या मोठ्या परड्यांत. आणि मग रात्र सुरू होते. ठरावीक अंतराने पानं हाताने हलकेच वरखाली करायची, पुन्हा पसरून ठेवायची, पुन्हा हलवायची, शेवटी बांबूच्या फिरत्या पिंपात घालून जोराने घोळवायची. पानांच्या कडा एकमेकींवर घासून दुखावतात, तिथे हवा शिरते, कडा लालसर होतात. मधला भाग हिरवाच राहतो. देठातलं पाणी हळूहळू पानाकडे सरकतं आणि तिथून उडून जातं. खोलीतला वास बदलत जातो: आधी गवताचा, मग काकडीच्या सालीचा, मग फुलांचा. तो पुरेसा आला हे ठरवतं कारागिराचं नाक. पाऊस पडला, धुकं उतरलं, वारा फिरला तर कालचं घड्याळ आज चालत नाही. पहाटेच्या सुमारास तो म्हणतो, झालं, आणि पानं तापलेल्या पिंपात जातात. तिथल्या उष्णतेने पानातली क्रिया थांबते.

या रात्रीत काय घडतं, याचा छडा गेल्या काही वर्षांत संशोधकांनी बराच लावला आहे. खुडलेलं पान अजून जिवंत असतं. सतत घासलं गेल्याने ते जखमी झाडासारखं वागतं आणि सुगंधी द्रव्यं तयार करतं. नेरोलिडॉल, इंडोल आणि जॅस्मिन लॅक्टोन ही त्यातली काही. लॅक्टोन हे कुटुंब आपल्याला अनोळखी नाही. लोण्याचा, खोबऱ्याचा, पिकलेल्या पीचचा स्निग्ध वास बऱ्याच अंशी त्यांचाच. कढईत खोबरं परतताना जो भरलेला, तुपट वास घरभर होतो, त्यात याच कुटुंबातली मंडळी असतात. गोडवा मात्र वासाचा नव्हे, चवीचा आहे. थंड, ढगाळ उंचीवर पानात थिअनिनसारखी अमिनो आम्लं जास्त राहतात आणि कडू-तुरट कॅटेचिन कमी. म्हणून हा चहा गोड लागतो आणि गिळल्यावर आणखी गोड लागतो. आवळा चावून वर पाणी प्यायल्यावर जे होतं, ते इथे एका घोटात होतं.

त्यानंतरचं काम ताकदीचं. अर्धवट वाळलेली पानं चौकोनी कापडात गच्च बांधून मोठा गोळा करायचा, यंत्राखाली तो दाबत फिरवायचा, सोडायचा, पानं मोकळी करून गरम करायची, पुन्हा बांधायची. असं वीस-तीस वेळा, कधी त्याहून जास्त. शेवटी देठ-पान मिळून ज्वारीपेक्षा थोडे मोठे, हिरवेगार, घट्ट दाणे होतात. काहींना वर हलकी भट्टी देतात. भट्टी जास्त झाली तर साय झाकली जाते आणि भाजल्याचा वास वर येतो. जिन श्वेनला मी हलकी भट्टीच पसंत करतो.

आता फसवणुकीबद्दल. या झाडाच्या वासाची ख्याती पसरली आणि बाजाराला घाई झाली. खरा वास हलका असतो, हंगामागणिक बदलतो. गिऱ्हाइकाला मात्र डबा उघडताच दूध हवं होतं. मग कुठल्याही स्वस्त ऊलाँगवर कृत्रिम दुधाळ सुगंध फवारून 'मिल्क ऊलाँग' विकला जाऊ लागला. त्याच्यासोबत कथाही आल्या: झाडांना दूध घालतात, पानं दुधाच्या वाफेवर धरतात. दोन्ही खोट्या आहेत. दूध लागलेलं पान नासेल, आणि झाडाच्या मुळाशी घातलेलं दूध पानात चढत नाही. सुगंध घातलेला चहा कुणाला आवडत असेल तर त्याने जरूर प्यावा, पण पाकिटावर तसं लिहिलेलं असावं. नाही तर शेतकऱ्याच्या आणि कारागिराच्या त्या रात्रीची किंमत दुसराच खातो, आणि खरा चहा समोर आला की माणूस म्हणतो, यात तर दुधाचा वासच नाही.

ओळखायचं कसं? कोरडे दाणे हुंगा. नुसत्या पाकिटातून व्हॅनिला आणि टॉफीचा भपकारा आला तर तो बाहेरून आलेला आहे. खऱ्या जिन श्वेनचे कोरडे दाणे हिरवट, फुलांचा, किंचित लोण्यासारखा वास देतात. साय उठते ती ऊब मिळाल्यावर. घातलेला वास पहिल्या पाण्यात सगळा येतो आणि तिसऱ्या पाण्यात चहा मुका होतो. खरा दुसऱ्या-तिसऱ्या पाण्यात सर्वांत छान असतो.

करायला गायवान उत्तम, म्हणजे झाकण आणि बशी असलेली चिनी मातीची वाटी. घरातली चिनी मातीची कुठलीही झाकणाची वाटीही चालते. स्टीलमध्ये वास नीट कळत नाही. शंभर मिलिलीटर पाण्याला पाच ते सहा ग्रॅम दाणे, म्हणजे तळ जेमतेम झाकला जाईल एवढेच. जास्त घालायचा मोह टाळा, उलगडल्यावर ते वाटी भरून टाकतात. भांडं आधी गरम पाण्याने विसळा, त्या कोमट वाटीत दाणे टाकून झाकण ठेवा आणि थोड्या वेळाने हुंगा. साय पहिल्यांदा इथे भेटते. पाणी उकळून मिनिटभर थांबलेलं, साधारण ९० ते ९५ अंशांचं. नळाचं क्लोरीनवालं किंवा बोअरचं जड पाणी हा वास मारून टाकतं, म्हणून गाळलेलं, हलकं पाणी घ्या. पहिलं पाणी पाऊण मिनिट, कारण दाणे घट्ट असतात. दुसरं अर्धा मिनिट, कारण ते आता सुटले आहेत. तिसऱ्यापासून दर वेळी दहा-पंधरा सेकंद वाढवा. पाच-सहा पाणी सहज निघतात. प्रत्येक वेळी चहा पूर्ण ओतून काढा. तळाशी राहिलेलं पाणी पुढचा पेला तुरट करतं.

पिताना झाकणाची आतली बाजू हुंगा, आणि पेला रिकामा झाल्यावर त्याचा तळही. रंग फिकट सोनेरी, हिरव्या छटेचा. घोट जिभेवर थोडा वेळ धरला तर त्याला जाडी जाणवते, पाण्यापेक्षा दाट काहीतरी तोंडातून गेल्यासारखी. फुलं आधी, लोणी मागून, गोडवा सर्वांत शेवटी आणि घशाच्या बाजूला. हे एका दमात कळेल असं नाही. दोन-चार बैठकांनंतर जीभ थांबायला शिकते.

परीक्षक मात्र असे लाड करत नाहीत. तीन ग्रॅम चहा, दीडशे मिलिलीटर उकळतं पाणी, पाच-सहा मिनिटं. इतक्या कडक वागणुकीत पानातला प्रत्येक दोष उघडा पडतो: उन्हात घाई झाली, रात्री पान कमी हललं, भट्टी करपली. मग ते ओली पानं बशीत पसरतात. तुम्हीही शेवटी पसरून बघा. देठाला दोन-तीन पानं धरलेली, पान जाड आणि रबरासारखं लवचिक, कडेला लालसर किनार दिसली तर काम नीट झालं आहे. नुसता तुकड्यांचा चुरा निघाला तर समजा, खुडणी यंत्राची किंवा माल मिसळीचा.

उन्हाळ्यात तैवानचे लोक हाच चहा थंड पाण्यात करतात. अर्धा लिटर पाण्यात पाच ग्रॅम दाणे, रात्रभर फ्रिजमध्ये, सकाळी गाळून प्यायचा. थंड पाण्यात तुरटपणा फारसा उतरत नाही, म्हणून नागपूर-जळगावच्या मे महिन्यासाठी मला ही सर्वांत सोपी रीत वाटते. तैवानच्या रस्त्यावरच्या पेयांच्या दुकानांत जिन श्वेनमध्ये दूधही घालतात, त्याचा वेगळा चाहतावर्ग आहे. त्यासाठी सखल भागातला, यंत्राने खुडलेला माल पुरतो. अलीशानच्या वसंतातल्या किंवा हिवाळ्यातल्या पानांवर मात्र दूध ओतू नये.

जिन श्वेन आता थायलंडच्या दोई मे सालोंगच्या डोंगरांत आणि व्हिएतनामच्या लाम डोंग भागातही पिकतो, आणि तो खोटा नाही, झाड तेच आहे. भाव मात्र तैवानच्या मालाचा लावला जाऊ नये. म्हणून विकत घेताना विक्रेत्याला विचारा: जात कोणती, कुठल्या भागातला आणि किती उंचीवरचा, कुठल्या हंगामाचा, भट्टी किती, आणि सुगंध घातला आहे का. तैवानात सहसा दीडशे ग्रॅमची, हवा काढलेली पाकिटं मिळतात, पाव तैवानी शेराची. सुरुवातीला त्याहूनही लहान घ्यावं. उघडल्यावर हवाबंद डब्यात, उजेडापासून आणि मसाल्यांच्या फळीपासून लांब ठेवा, आणि महिना-दोन महिन्यांत संपवा.