मुलाचा वकील कोण?

अल्पवयीन मुलाला पोलिसांनी ताब्यात घेतले की पालक ओळखीच्या फौजदारी वकिलाकडे धाव घेतात. हा वकील सत्र न्यायालयात मुरलेला असला, तरी बाल न्याय मंडळ ही त्याच्या पायाखालची वाट असेलच असे नाही. तेथे दंडाधिकाऱ्यासोबत दोन सामाजिक कार्यकर्ते बसतात आणि गुन्हा अजामीनपात्र असला तरी जामीन हाच नियम, नकार हा अपवाद.

खरी कसोटी लागते ती १६ ते १८ वर्षांच्या मुलावर किमान सात वर्षे शिक्षेच्या निर्घृण गुन्ह्याचा आरोप असेल तेव्हा. खटला प्रौढाप्रमाणे चालवावा का, हे २०१५च्या कायद्यातील कलम १५ खालील प्राथमिक मूल्यांकनावर अवलंबून असते. गुरुग्राममधील २०१७च्या शाळकरी मुलाच्या हत्येच्या प्रकरणात मानसशास्त्रीय व सामाजिक तपासणी अहवालांच्या प्रतीच बचाव पक्षाला मिळाल्या नव्हत्या. मूल्यांकन नव्याने करण्याचा उच्च न्यायालयाचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये कायम ठेवला. कागद मागणारा वकील नसता, तर ही त्रुटी वर पोहोचली असती का?

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ प्रत्येक बालकाला मोफत वकील देतो. उत्पन्नाची अट नाही. जिल्हा प्राधिकरणाला कळवण्याची जबाबदारी २०१६च्या आदर्श नियमांनी पोलिसांवरच टाकली आहे, हे बहुतेक पालकांच्या कानावरही नसते. त्यांनी १५१०० या क्रमांकावर स्वतः फोन करावा. वकील मोफत असो वा खासगी, त्याने मंडळापुढे आजवर किती प्रकरणे चालवली, हे आधी विचारावे. शुल्काची बोलणी नंतर.