आलेखांची पारख : सहाध्यायांनी अभिप्राय कसा द्यावा?

शाळा-महाविद्यालयांतून विद्यार्थ्यांकडून प्रकल्प करवून घेण्याची पद्धत आता सर्वत्र रूढ झाली आहे. गावातील पाऊस, पिके, लोकसंख्या, पाणीपुरवठा किंवा आरोग्य यांविषयीची आकडेवारी जमवावयाची आणि ती आलेखांच्या रूपाने मांडावयाची, हे अशा अनेक प्रकल्पांचे स्वरूप होय. पूर्वी हे काम आलेख-कागदावर रंगीत पेन्सिलींनी होत असे. आता ते बहुधा संगणकावर होते. साधन बदलले तरी एक अडचण मात्र कायम आहे. आलेख काढणाऱ्यास त्यातील प्रत्येक गोष्ट आधीच ठाऊक असते. त्यामुळे वाचणाऱ्यास काय कळणार नाही, हे त्याच्या ध्यानात येत नाही. ही उणीव दुसऱ्याच्या नजरेनेच भरून निघू शकते. वर्गात शिक्षक एक आणि प्रकल्प चाळीस-पन्नास, अशी स्थिती असल्यामुळे ही दुसरी नजर सहाध्यायांची असावी, हे ओघानेच येते.

ही कल्पना आपल्या देशास नवीन नाही. गावठी शाळांतून थोरल्या मुलांनी धाकट्यांस शिकविण्याची रीत जुनीच आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस अँड्र्यू बेल यांनी मद्रास येथील अनाथ मुलांच्या शाळेत विद्यार्थ्यांकरवी विद्यार्थ्यांना शिकविण्याचा प्रयोग केला व पुढे तो इंग्लंडमध्ये प्रसिद्धीस आला. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० यानेही प्रगतिपुस्तकात शिक्षकांच्या मूल्यमापनाबरोबर स्वयंमूल्यमापन व सहाध्यायांनी केलेले मूल्यमापन यांना स्थान दिले आहे. तथापि अभिप्राय म्हणजे गुणदान नव्हे. गुण काम संपल्यावर दिले जातात. अभिप्राय काम सुधारण्यास वाव असेतोवर द्यावयाचा असतो.

आलेखात नेमके काय पाहावे, हे समजण्यासाठी हुबळी-धारवाड या जोडशहरांची उदाहरणे सोयीची आहेत. १९५६ पूर्वी मुंबई राज्यात असलेल्या आणि १९६२ मध्ये एकाच महानगरपालिकेखाली आलेल्या या शहरांविषयी पुष्कळ आकडेवारी प्रसिद्ध झालेली आहे.

पहिले उदाहरण : अक्षाचा आरंभ

हुबळी रेल्वे स्थानकाचा १,५०७ मीटर लांबीचा फलाट मार्च २०२३ मध्ये राष्ट्रास अर्पण करण्यात आला. त्यापूर्वी सर्वांत लांब गणल्या जाणाऱ्या गोरखपूरच्या फलाटाची लांबी सुमारे १,३६६ मीटर आहे. समजा, एखाद्या विद्यार्थ्याने या दोहोंचा स्तंभालेख काढला आणि उभ्या अक्षाचा आरंभ शून्याऐवजी १,३०० पासून केला. तर एक स्तंभ २०७ मीटरांचा व दुसरा केवळ ६६ मीटरांचा दिसेल. हुबळीचा फलाट गोरखपूरच्या तिप्पट आहे, असा पाहणाऱ्याचा समज होईल. वास्तविक तो सुमारे दहा टक्क्यांनीच अधिक लांब आहे. आकडा एकही चुकलेला नसताना आलेख मात्र चुकीचे सांगतो. स्तंभालेखात डोळा स्तंभाची उंची मोजतो. म्हणून स्तंभ शून्यापासूनच सुरू झाला पाहिजे. रेषालेखास हे बंधन तितके कडक नाही, कारण तेथे रेषेचा चढउतार पाहावयाचा असतो. मात्र अक्ष कोठून सुरू होतो, ते स्पष्ट लिहिले पाहिजे.

दुसरे उदाहरण : चित्रालेखातील आकार

१९८१ च्या जनगणनेनुसार हुबळी-धारवाडची लोकसंख्या सुमारे ५.२७ लाख होती. २०११ मध्ये ती सुमारे ९.४४ लाख झाली. म्हणजे तीस वर्षांत ती १.८ पटीच्या जवळ गेली. ही वाढ दाखविण्यासाठी विद्यार्थी पुष्कळदा एक लहान व एक मोठी मनुष्याकृती काढतात. दुसरी आकृती १.८ पट उंच काढली, की प्रमाण राखण्यासाठी ती १.८ पट रुंदही होते आणि तिने व्यापलेली जागा तिपटीहून अधिक भरते. पाहणाऱ्याच्या मनावर ठसा उमटतो तो त्या जागेचा. यावर उपाय साधा आहे : सर्व आकृत्या सारख्याच आकाराच्या काढाव्यात, एक आकृती म्हणजे एक लाख माणसे असे ठरवावे, आणि वाढ आकृत्यांच्या संख्येने दाखवावी.

अमेरिकेतील विल्यम क्लीव्हलंड व रॉबर्ट मॅकगिल यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनातून असे दाखवून दिले, की समान पायावर उभ्या असलेल्या लांबींची तुलना मनुष्य बरीच अचूक करतो; कोन व क्षेत्रफळ यांची तुलना करताना तो अधिक चुकतो. वृत्तालेखाचे सात-आठ भाग करून त्यांची तुलना करावयास सांगणे म्हणूनच वाचकावर अन्याय करण्यासारखे आहे. तेथे स्तंभालेख बरा, असे सुचविणाऱ्या सहाध्यायाचा अभिप्राय आवडीनिवडीचा नसून त्यामागे कारण असते.

तिसरे उदाहरण : वगळलेली बाजू

हुबळी-धारवाडच्या आठ प्रभागांत २००७-०८ च्या सुमारास प्रायोगिक तत्त्वावर चोवीस तास पाणीपुरवठा सुरू करण्यात आला. शहराच्या उर्वरित भागात त्या काळी काही दिवसांच्या अंतराने काही तासच पाणी येत असे. संशोधकांनी दोन्ही भागांतील नळांच्या पाण्याची तपासणी केली. खंडित पुरवठ्याच्या नळांवरील सुमारे ३२ टक्के नमुन्यांत विष्ठेपासून होणाऱ्या प्रदूषणाचे निदर्शक जिवाणू आढळले; अखंड पुरवठ्याच्या नळांवर हे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी होते. याचा स्तंभालेख फारच परिणामकारक दिसेल.

परंतु याच शहरात लहान मुलांच्या आरोग्याची जी पाहणी झाली व २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली, तिचे निष्कर्ष संमिश्र आहेत. अखंड पुरवठ्याच्या भागातील गरीब कुटुंबांतल्या मुलांत रक्तमिश्रित जुलाबाचे प्रमाण सुमारे ३७ टक्क्यांनी कमी होते. विषमज्वराची नोंद झालेली कुटुंबेही सुमारे ४२ टक्क्यांनी कमी होती. मात्र अतिसाराच्या एकंदर प्रमाणात आणि मुलांच्या वयानुसार वजनात दोन्ही भागांत लक्षणीय फरक आढळला नाही. आता एखाद्या गटाने फक्त पहिले दोन निष्कर्ष आलेखात घेतले, तर तो खोटा ठरणार नाही, पण अपुरा ठरेल. तो पाहून एखाद्या ग्रामपंचायतीने केवळ नळयोजनेवर भिस्त ठेवली आणि शौचालये, हात धुणे व घरातील पाण्याची साठवण यांकडे दुर्लक्ष केले, तर हानी गावातील बालकांची होईल.

अशा प्रसंगी सहाध्यायांनी तीन प्रश्न विचारणे अगत्याचे आहे. जमविलेल्या आकडेवारीतील कोणता भाग आलेखात आलेला नाही? ज्या दोन भागांची तुलना केली, तेथील लोकांची आर्थिक व इतर स्थिती सारखी होती काय? आणि ‘३७ टक्क्यांनी कमी’ म्हणजे मूळ किती होते व त्यात घट होऊन किती उरले? शेवटचा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. हजारी शंभरावरून त्रेसष्टावर येणे आणि हजारी दहावरून सुमारे सव्वासहावर येणे, या दोन्ही घटी टक्केवारीत सारख्याच दिसतात.

अभिप्राय देण्याची रीत

‘छान आहे’, ‘रंग चांगले आहेत’ किंवा ‘काही समजत नाही’ अशा शेऱ्यांचा उपयोग होत नाही. पहिल्या दोहोंनी समाधान मिळते, तिसऱ्याने मन खट्टू होते. सुधारणा कशानेच होत नाही. उपयुक्त अभिप्रायाच्या तीन पायऱ्या सांगता येतील.

पहिली पायरी, आलेख पाहून काय समजले ते एका वाक्यात लिहिणे. हे करताना आलेख काढणाऱ्याने तोंडी खुलासा करू नये. लिहिलेले वाक्य त्याच्या मनातील आशयाशी जुळले नाही, तर दोष कोठे आहे, हे त्यास न सांगता कळते. दुसरी पायरी, जे अडले ते जागा दाखवून सांगणे : अक्षावर एकक नाही, रंगांचा खुलासा नाही, वर्ष लिहिलेले नाही, आकडेवारी कोठून घेतली ते नमूद नाही, लाल व हिरवा या रंगांतील भेद काहींच्या डोळ्यांस ओळखू येणार नाही, इत्यादी. तिसरी पायरी, एखादी करता येण्याजोगी सुधारणा सुचविणे.

उदाहरणार्थ, फलाटाच्या आलेखावर असा अभिप्राय देता येईल : ‘तुझा आलेख पाहून हुबळीचा फलाट गोरखपूरच्या तिप्पट आहे असे मला वाटले. आकडे वाचल्यावर तसे नाही हे कळले. अक्ष शून्यापासून घेतलास तर हा घोटाळा होणार नाही.’ यात आलेखाविषयी बोलणे आहे, आलेख काढणाऱ्याविषयी नाही. हा भेद जपला म्हणजे मैत्रीस बाध न येता स्पष्ट बोलता येते.

अभिप्राय घेणाऱ्याचेही एक कर्तव्य आहे. प्रत्येक सूचना मान्य केलीच पाहिजे असे नाही; पण जी मान्य नाही, ती का नाही, हे त्याने वहीत नोंदवावे. पहिला व सुधारलेला असे दोन्ही आलेख प्रकल्पास जोडल्यास शिक्षकांनाही प्रगती पाहता येते.

शिक्षकांनी आरंभी एक सदोष आलेख फळ्यावर काढून सर्व वर्गाकडून त्यावर अभिप्राय घ्यावा व मग जोड्या पाडाव्यात. हुशार मुलांनी बोलावे व इतरांनी ऐकावे असे होऊ नये. ज्यास आलेख चटकन समजत नाही, अशा विद्यार्थ्याचा अभिप्राय अधिक मोलाचा असतो; कारण उद्या तो आलेख वाचणारा ग्रामस्थही त्याच्याच जागी असणार आहे.

ही सवय वर्गापुरती राहणारी नाही. ग्रामपंचायतीच्या फलकावर, कार्यालयीन अहवालांत आणि वृत्तपत्रांत दररोज आलेख प्रसिद्ध होतात व त्यांच्या आधारे निधीचे व योजनांचे निर्णय घेतले जातात. आपल्या प्रकल्पाचे आलेख विद्यार्थ्यांनी ग्रामसभेपुढे किंवा पालकांच्या बैठकीत ठेवावेत आणि ग्रामस्थांनीही त्यांना हेच प्रश्न विचारावेत. अक्ष कोठून सुरू होतो, एकक कोणते आहे आणि काय वगळले आहे, एवढे विचारण्यास फार शिक्षण लागत नाही. असे प्रश्न विचारले जातील, हे ठाऊक असले म्हणजे आलेख काढणाराही अधिक काळजी घेतो.